तलवार ओलांडायची नसते

साहेबाच्या नाचावर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. नाच चांगला होता. राग आहे तो हेडक्लार्कवर, आणि तो मेला म्हणून काही कमी झालेला नाही. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. जिवंतपणी त्याच्याबद्दल बोलायची सोय नव्हती, मग बोलायचं कधी?

निजामाचं राज्य होतं. मी आणि माझा थोरला भाऊ जालन्याला रेल्वेच्या गँगमध्ये रूळ ठोकायचो. आमचं गाव मंठ्याच्या रस्त्यावर, घराणं मेंढरांमागं फिरणारं. भाऊ जत्रेत ढोलावर नाचायला लागला की म्हातारी माणसंसुद्धा उठून उभी राहायची. चंपाषष्ठीला पालखीपुढं खंडोबाचा खांडा धरायचा मान त्याचा. हा मान आमच्याकडं वारसानं मिळत नाही. ज्याच्याकडून शस्त्राचा कधी अवमान झाला नाही, त्यानंच तो धरायचा, असा गावचा रिवाज. बाकी भावाकडं मिरवण्यासारखं होतं काय? एवढंच होतं.

आमच्या इंग्रज इंजिनियर साहेबानं भावाला नाचताना पाहिलं आणि नाताळाला बंगल्यावर आपल्या मुलखातला तलवारनाच बसवायचं मनावर घेतलं. तलवारी म्हणून लोहारखान्यातून सहा लोखंडी पट्ट्या करून आणल्या. बोथट, दोन हात लांब, लाकडी मुठीच्या. आम्ही सहा जणांनी गोल उभं राहायचं. आपल्या तलवारीची मूठ उजव्या हातात, शेजाऱ्याच्या तलवारीचं टोक डाव्या हातात. एकदा कडं जुळलं की शेवटपर्यंत कुणी हात सोडायचा नाही. दोघांनी तलवार उंच धरली की बाकीच्यांनी वाकून तिच्याखालून जायचं. हातांचा असा गुंता होतो की वाटतं, आता खांदा निखळणार. मग अंग वळवलं की सगळं आपोआप सुटतं. शेवटी आत सरकून सहाही तलवारी एकमेकींत अडकवायच्या. त्यांची चांदणी होते, आणि म्होरक्या ती मुठीला धरून एका हातानं डोक्यावर उचलतो. एक पट्टी गळत नाही. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा साहेबानं टोपी उडवली. भाऊ म्होरक्या होता.

मध्ये दसरा आला. खंडेनवमीला गँगनं कुदळी, फावडी, पहारी धुऊन मांडल्या, त्यात आम्ही या पट्ट्याही मांडल्या. हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. कुणी सांगितलं नव्हतं, पण हातातलं हत्यार त्या दिवशी बाजूला कोण ठेवतो? इथंच घोटाळा झाला. आदल्या दिवसापर्यंत ते नुसतं लोखंड होतं. आता ते शस्त्र झालं. आणि शस्त्राला आम्ही पाय लागू देत नाही, ओलांडणं तर दूरच.

दसरा झाला आणि साहेबानं पुढचा डाव काढला. तलवार गुडघ्याखाली धरायची आणि एकेकानं तिच्यावरून उडी घ्यायची. भाऊ जागच्या जागी थांबला. साहेबाशी थेट बोलायचं नाही, जे काय ते आपल्यामार्फत, हा हेडक्लार्कचा दंडक होता. म्हणून भाऊ त्याला हळू आवाजात म्हणाला, "बाबूसाहेब, साहेबाला सांगा, ह्यांची पूजा झाल्ती. ह्या ओलांडता येत न्हाईत. लोहाराकडून दुसऱ्या सहा करून द्या, मंग त्याच्यावरून म्हणाल तेवढ्या उड्या मारतो."

क्लार्क इंग्रजीत काहीतरी पुटपुटला. साहेब हसला. त्यानं पट्टीवरून आपला तळवा फिरवून दाखवला आणि म्हणाला, "डरता है? धार नहीं है!"

अख्खी गँग फिदीफिदी हसली. ज्या माणसानं नुसत्या काठीनं कळपातून लांडगा हाकलला होता, त्याला डरपोक म्हणून हसली. भावानं क्लार्ककडं पाहिलं. तो नजर न देता म्हणाला, "साहेबाला याच पाहिजेत. बिलकुल ऐकत नाही." भावाचा चेहरा काळाठिक्कर पडला. मग त्यानं उडी घेतली. कड्यात हात गुंतलेले, त्याच्यामागं आम्ही पाचही गेलो.

गावात कुणाला कळायचं कारण नव्हतं. पण चंपाषष्ठीला पुजाऱ्यानं खांडा पुढं केला तेव्हा भावानं हात मागं घेतला. "माझ्या हातानं न्हाई," म्हणाला, आणि चारचौघांत सगळं सांगून टाकलं. कुणी एका शब्दानं म्हणालं नाही की जाऊ दे, पोटासाठी केलंस. लगेच दुसऱ्याला पुढं बोलावलं. आई त्या दिवशी जेवली नाही.

नाताळाला दुपारी नाच झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब खुशीत येऊन भावाला त्याची तलवार इनाम देऊ लागला. भावानं ती कपाळाला लावली, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला. साहेबानं त्यालाच विचारलं, "ये क्या करता?"

"माफी मांगता, साब. इसकी पूजा किये थे. पूजा किये सो हथियार पर से कूदते नहीं."

साहेब म्हणाला, "तो बोला क्यों नहीं? दूसरा बना देते!"

मी क्लार्कची गचांडी धरली. "काय सांगितलं व्हतं तू साहेबाला?" तो चाचरत म्हणाला, "असली खुळं साहेबाला काय सांगायची? आपलं हसं होतं." हसं होऊ नये म्हणून या शहाण्यानं माझ्या भावाला भित्रा ठरवलं! माझा हात उठला होता. भावानं तो धरला.

"सोड त्याला," तो म्हणाला. "साहेबाला उर्दू येतंय, हे मला पहिल्या दिवसापासून ठावं व्हतं. मीच तोंड उघडलं न्हाई."

खोटं बोलला तो क्लार्क, आणि दोष घेतला माझ्या भावानं. मरेपर्यंत घेतला.