सुईखालची टकटक

बी.ए. झाल्यावर मी कँटोन्मेंटमधल्या एका रेकॉर्डच्या दुकानात नोकरीला लागले. साठीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. दुकानात काचेच्या दाराची एक चिमुकली खोली होती. गिऱ्हाइकाने आत बसून रेकॉर्ड ऐकायची, आवडली तर घ्यायची. सुई ठेवून देणं माझं काम.

एकदा विलायतेच्या पार्सलमधून एक विचित्र रेकॉर्ड आली. तिच्यात गाणं नाही, वाद्य नाही. यंत्रांतून काढलेले नुसते विजेचे सूर. मध्येच घुमायचे, मध्येच विहिरीत खोल जाणाऱ्या शिट्टीसारखे लांबत जायचे. मालकांना आम्ही अण्णा म्हणायचो. त्यांनी दोन मिनिटं ऐकून मान हलवली. "हे कोण घेणार? स्वल्प दिवस ठेवू."

ती ऐकायला मागितली शहराबाहेरच्या येलहंक्याहून येणाऱ्या एका काकांनी. मूळचे बेळगावकडचे, महायुद्धात वायरलेसवर होते. नेहमी बँडच्या रेकॉर्डी घ्यायचे. त्या दिवशी काचेचं दार उघडलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाळ, आत ये जरा. या सुरांच्या खाली काय वाजतंय?"

मी कान दिला. "काही नाही, काका."

"टकटक येत नाही?"

मग खुर्चीत बसून त्यांनी सांगितलं. ब्रह्मदेशात त्यांचा सोबती विमानातून वायरलेसच्या टकटकीत संदेश पाठवत होता आणि काका खाली तळावर तो संदेश उतरवून घेत होते. एका शब्दाच्या मध्येच टकटक थांबली. विमान सापडलंच नाही.

"प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षर असतं तसा. हा त्याचाच हात आहे."

त्यानंतर ते दर गुरुवारी येत, तेवढीच रेकॉर्ड ऐकत. घरी न्या म्हटलं की म्हणत, "घरी नको." मला त्यांची कीव यायची. चरा पडला असेल, असं मी स्वतःला समजावलं. पण चरा असता तर दर फेरीला तोच आवाज आला असता, मलाही ऐकू आला असता. शेवटी अण्णांना विचारून एका रविवारी मी ती घरी आणली. भर दुपार होती. पहिली बाजू निम्मी झाली असेल, तोच आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "दारावर कोण आहे गं? केव्हाचं वाजवतंय."

मी उठून दार उघडलं. ओसरीवर ऊन पडलं होतं. कोणी नव्हतं. मी सुई उचलली.

"थांबलं बघ," आई म्हणाली.

काकांना मी हे सांगितलं नाही. धीरच झाला नाही.

तीनेक वर्षांनी तीच रेकॉर्ड नव्या वेष्टनात पुन्हा निघाली. आवाज साफ केलाय, असं पाठीवर छापलं होतं. गुरुवारी मी ती लावून दिली आणि काचेतून बघत राहिले. काका डोळे मिटून दोन्ही बाजू ऐकत बसले.

बाहेर आले तेव्हा शांत होते. "नाही तो हिच्यात."

"जुनी लावू का?"

"नको. पोचला असेल कुठेतरी. आता बोलवायला नको."

त्यांनी टोपी घातली, प्रथमच माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले. पुढच्या गुरुवारी मी त्यांची वाट पाहिली. ते आले नाहीत, त्यानंतरही कधी नाही. जुनी प्रत अण्णांनी मला देऊ केली होती. मी नको म्हटलं.