सरोजाक्कांना ऐकू न आलेलं भांडण

ऋता, अशी जवळ ये बघू, कान धरायचाय तुझा. पत्रातून जमेल तेवढाच धरते. सातवा महिना लागला तरी बेळ्ळंदूरहून राजाजीनगरला यायला तुला सवड नाही, आणि फोनवर नुसतं "मावशी, सगळं छान!" म्हणतेस. असं मीही एकदा म्हणत होते. आमच्या शेजारच्या सरोजाक्कांनी ते चालू दिलं नाही.

अक्का घरी मराठी बोलणाऱ्या, पण पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरच्या. दार वाजवणं त्यांना माहीत नव्हतं. आधी आवाज आत यायचा, मागून त्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याहून नवी आले, तेव्हा दारावर येणाऱ्या पालेभाजीवालीशी रोज भांडायची. मला कन्नड येत नव्हतं, तिला मराठी. हातवारे करकरून आम्ही कोथिंबिरीच्या जुडीवरून एकमेकींवर तुटून पडायचो. अक्का आपल्या गच्चीतून ऐकायच्या. म्हणायच्या, "तुझं भांडण झालं की मी कॉफी टाकते. घड्याळ कशाला पाहिजे?"

मग मला दिवस राहिले. घरात आनंदीआनंद. मला मात्र जेवण नको, बोलणं नको. बाळाचं झबलं हातात घेतलं तरी आत सगळं कोरडं. सासूबाई म्हणायच्या, "डोहाळे कडक आहेत हो हिचे," आणि चिंचेची बरणी पुढे सरकवायच्या. मलाही वाटलं, डोहाळेच असतील.

एका सकाळी अक्का येऊन समोर बसल्या.

"माझी कॉफी राहतीय ग रोज."

"का हो?"

"ती शिळी जुडी देते, तू सरी सरी, बरं बरं म्हणून घेतेस. भांडण कुठं गेलं?"

"काही नाही. बाळ छान आहे, डॉक्टर म्हणाल्या."

"बाळाचं कोण विचारलं? तुझं सांग."

मला रडू आवरेना. "मला आनंदच होत नाही, अक्का. मी वाईट आई होणार का?"

"अय्यो, वाईट कशाने? पाय सुजले तर दाखवतेस ना? हे पण दाखवायचं. ऊठ, चल."

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हे डोहाळे नव्हेत, नैराश्य आहे, गरोदरपणातही येतं आणि बरं होतं, असं सांगून मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दर खेपेला रिक्षात अक्का शेजारी. सासूबाईंना त्यांनीच सांगितलं, "चिंच राहू दे हो, तिला स्वल्प झोपू दे." सकाळचा स्वयंपाक तुझ्या काकांनी घेतला. रोज उप्पीटच, पण गरम.

हळूहळूच निवळलं. आणि एका सकाळी माझ्या तोंडून निघालं, "ही जुडी आहे की गवत?" भाजीवालीने कंबरेवर हात ठेवले, खूश दिसली बाई. गच्चीतून आवाज आला, "टाकते ग कॉफी!"

अक्का मागच्या वर्षी गेल्या. कोणी पोटुशी दिसली की त्या शेवटपर्यंत पोटाकडे न बघता तोंडाकडे बघायच्या.

आणि तू ग? लहानपणापासून माझ्याशी वाद घालणारी. हल्ली मी काहीही बोलले तरी "हो मावशी". मला नाही ते ऐकवत. कोणाला दाखवायचं असलं तर रिक्षात मी शेजारी बसेन. रविवारीच ये, आणि आल्या आल्या माझ्या कॉफीला नावं ठेव.