रविवारचे सहा लिटर

भुताखेताच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की मी उठून जाणारा माणूस. हाटकेशच्या एका कारखान्यात सव्वीस वर्षं स्टोअरकीपर होतो. माल कमी भरला तर तो चोरीला गेलाय, सांडलाय नाहीतर मोजायला चुकलाय, चौथं कारण नसतं — हे मी नव्या पोरांना शिकवायचो. आज मीच एक हिशोब तुमच्यापुढे ठेवतोय. कोणाला चूक दिसली तर जरूर सांगा.

आमची एक बोट आहे. चौतीस फुटी, लाकडी, आधी मासेमारीची होती. बावन्नाव्या वर्षी मी नोकरी सोडली तेव्हा बायकोच्या, नीलाच्या, हट्टाने घेतली. तिच्या वडिलांचा रायगडात मचवा होता. जेसल पार्कच्या आमच्या फ्लॅटमधून खाडीची एक पट्टी दिसते, तिथे उभी राहून ती म्हणायची, "अहो, नुसतं बघत बसायचं का आयुष्यभर?" मग आम्ही बोटीवर केबिन बांधून घेतली. दोन बाकं, एक शेगडी, एक टाकी. घोडबंदरच्या खाडीत, चेणे गावाच्या अलीकडे ती नांगरलेली असते. तीन वर्षं दिवाळी झाली की आम्ही बोटीवर राहायला जायचो ते थेट मेपर्यंत. मधे महिना-दीड महिना फिरती — वर अर्नाळा, डहाणू, खाली दिघीपर्यंत.

लोकांना वाटतं, काय मजा! मजा होतीच. सकाळी टपावर बसून चहा, ओहोटीला चिखलात उड्या मारणारे निवटे, शेजारच्या होडीतून आलेले ताजे बोंबील. पण काडेपेटी सादळलेली, पोहे मऊ, कपडे मिठाने ताठ. रोज सकाळी तळातलं पाणी पंपाने उपसायचं, कारण लाकडी बोट थोडी पाझरतेच. दुधाची पिशवी आणायची तरी छोटी होडी वल्हवत काठावर जायचं. आणि सगळ्यात मोठी कटकट गोड्या पाण्याची. वीस-वीस लिटरचे कॅन मोरेश्वरच्या घरच्या नळावर भरून आणायचे. मोरेश्वर म्हणजे आमच्या शेजारी होडी लावणारा कोळी, माझ्याच वयाचा.

टाकी आतून शंभर सेंटिमीटर लांब, पन्नास रुंद, चाळीस खोल. म्हणजे पट्टीवरचा एक मिलिमीटर म्हणजे अर्धा लिटर. मी रोज सकाळी पट्टी बुडवून आकडा वहीत लिहायचो. ओहोटीला बोट चिखलात कलते, म्हणून ती तरंगत असतानाच, गवंड्याची लेव्हल ठेवून, सरळ आहे हे बघूनच मोजायचं. माझा रोजचा खर्च नऊ लिटर, नीलाचाही नऊ. फक्त रविवारी तिचे केस धुवायचे, त्याला सहा लिटर जादा. तिचे केस कमरेच्या खाली होते. खाऱ्या हवेने चिकट व्हायचे.

"अहो, एक तांब्या अजून द्या. साबण राहिलाय."

"सहा म्हणजे सहा."

"व्हाउचर लिहून देऊ? सही, शिक्का, सगळं?"

"नीला, कॅन मला उचलावे लागतात."

"बरं बाई, स्टोअर बंद झालं," असं म्हणून ती तसेच अर्धवट धुतलेले केस पिळायची आणि टपावर वाळवत बसायची. तीन वर्षांत एकदाही मी सातवा लिटर दिला नाही.

गेल्या मे महिन्यात बोट काठावर ओढली आणि अकराव्या दिवशी नीला गेली. घरी, झोपेत. काही दुखलं-खुपलं नव्हतं.

दिवाळीनंतर मी एकटाच बोटीवर राहायला गेलो. मुलगा अमेय खूप चिडला. तरीही गेलो, कारण घरात ती कुठेच नव्हती आणि बोटीवर निदान तिने ठोकलेले खिळे होते. रोजचा आकडा अठरा मिलिमीटर, म्हणजे माझे नऊ लिटर. पहिल्या रविवारच्या आकड्यात मात्र तीस मिलिमीटर गेले. मला वाटलं, चुकलो. सोमवारी पुन्हा अठरा. मंगळवारी अठरा. पुढच्या रविवारी... तीस.

तीस वजा अठरा, बारा. बारा मिलिमीटर म्हणजे सहा लिटर.

तिसऱ्या रविवारनंतर मोरेश्वरला बोलावलं. त्याने टाकीच्या खाली हात घालून सगळे सांधे चाचपले.

"भाऊ, टाकी सुकी ठण हाय. थेंब न्हाय गलत."

"मग पाणी जातं कुठे?"

"आनि बाकीचे दिवस?"

"बरोबर असतं. फक्त रविवारी जातं."

तो हसला. "मंग वैनीलाच इचारा, मला काय इचारता!" मग लगेच हात पुसत म्हणाला, "चुकलं भाऊ. तोंडातून गेलं."

स्पष्ट सांगतो — वास नाही, पावलं नाहीत, आवाज नाही. बादली कोरडी, तांब्या कोरडा. फक्त आकडा. पण रविवार जवळ आला की मी दाढी करायला लागलो होतो, हेही खरं.

पाच रविवार असेच झाले. मग अमेय एका शनिवारी आला. बोटीसाठी गिऱ्हाईक आणलं होतं त्याने.

"बाबा, पाय घसरून पडलात तर कोणाला कळणार? मला ऑफिसात धड बसवत नाही."

मी त्याला वही दाखवली. बराच वेळ बघत होता.

"बाबा, तुम्हीच वापरता आणि विसरता."

"मी? विसरतो?"

"मग उद्या टेस्ट करू. मी मोजणार, कुलूप मी लावणार, दिवसभर तुम्ही माझ्याबरोबर घरी. पाणी जागच्या जागी राहिलं तर बोट विकायची. कबूल?"

कबूल केलं. दुसरं काय करणार, नियम माझ्याच पद्धतीचा होता.

रविवारी सकाळी भरतीला त्याने मोजलं. तीनशे ऐंशी. तळ उपसून फडक्याने कोरडा केला. तो कुलूप शोधत छोट्या होडीत उतरला, तेवढ्यात मी चष्म्याचं निमित्त करून आत गेलो. तोवर मी कधीच मोठ्याने काही बोललो नव्हतो. लाज वाटायची. त्या दिवशी म्हटलं, कदाचित शेवटचा रविवार असेल. टाकीकडे बघून बोललो, "नीला, आज सहाचं बंधन नाही. हवं तेवढं घे. नीट धू."

मग कुलूप लागलं. किल्ली अमेयच्या खिशात. मोरेश्वर दिवसभर शेजारच्या होडीत जाळं शिवत होता, कोणी फिरकलं नाही म्हणाला. संध्याकाळच्या भरतीला, उजेड असतानाच, आम्ही परत आलो. लेव्हल ठेवली. अमेयने पट्टी बुडवली, पुसली, पुन्हा बुडवली. तिसऱ्यांदा बुडवली.

तीनशे दोन.

अठ्ठ्याहत्तर मिलिमीटर. एकोणचाळीस लिटर. तळात जेमतेम दोन लिटर पाणी, तेही मी चाखून पाहिलं — खारट.

अमेय बाकावर बसला. "एवढं पाणी लागायचं आईला?"

"माहीत नाही रे," मी म्हटलं. "मी कधी दिलंच नाही."

जाताना तो एवढंच म्हणाला, "ठेवा बोट. फोन मात्र दोन वेळा करायचा." गिऱ्हाइकाला 'नाही' असं त्यानेच कळवलं.

बोट राहिली. पण त्या रविवारनंतर जादा पाणी जाणं थांबलं. पुढच्या रविवारी अठरा. त्याच्या पुढच्या रविवारीही अठरा. मी टाकी तपासली, पट्टी बदलली, लेव्हल नवी आणली. अठराच.

हे का होत होतं, आणि का थांबलं, ते मला सांगता येत नाही. चोरी नाही, गळती नाही, मोजण्यातली चूक म्हणावी तर मोजणारे दोघे होते. माझी तिन्ही कारणं संपली. एकच विचार सुटत नाही — तिचे केस एकदाचे मनासारखे धुऊन झाले असतील, तर तिला परत यायचं कारणच मी संपवलं. सहाच म्हणालो असतो तर?

ते थांबल्यापासूनचा कालचा अकरावा रविवार. सकाळी टाकी भरली आणि केबिनच्या दारात उभा राहून, जुन्या आवाजात, जरा दरडावूनच म्हटलं, "सहा लिटर हं, नीला. एक तांब्याही जास्त मिळणार नाही."

आज सकाळी मोजलं. अठरा.