जीपमामा आणि मामीचा दगड

आमच्या जीपमामाच्या गाडीला हँडब्रेक नव्हता, मामी होती. चढावर गाडी थांबायला आली की मामा ओरडायचा, "घाल." मामी पदर खोचून खाली उडी मारायची आणि पायाशी ठेवलेला काळा दगड मागच्या चाकाखाली सरकवायची. गाडी निघाली की दगड उचलून चालत्या जीपमध्ये परत चढायची. चाळिशीतली बाई, तीही नऊवारीत. मला आजही थांबलेल्या एसटीत धड चढता येत नाही.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ, पण सगळं गावच त्याला मामा म्हणे. पारनेरपासून आत, माळावरचं गाव. नगरला लष्कराच्या लिलावात त्यानं एक जुनी जीप घेतली आणि तिची पार रया घालवली. त्याच्या मते सुधारली. पुढची काच काढून टाकली, कारण "काचेनं वारा अडतो." मागचं अंग कापून दोन फूट वाढवलं आणि त्याच्याही मागं बाभळीची जाड फळी बोल्टांनी आवळली. तिच्यावर सहा माणसं दांडीला धरून उभी राहत. हॉर्न मात्र त्यानं कधी बसवला नाही. "माझा आवाज काय कमी हाय व्हय?" म्हणायचा. कमी नव्हताच.

ब्रेकचं एक वेगळंच शास्त्र होतं. पहिल्या दाबाला काही होत नसे, दुसऱ्याला गाडी विचार करी, तिसऱ्याला थांबे. कुणी नवखं माणूस घाबरलं की मामा समजूत घालायचा, "तिसऱ्याला लागतोच. देवाला बी तीनदा हाका माराव्या लागत्यात." हे तो मागं वळून सांगायचा आणि गाडी पुढं चाललेली असायची.

ते दुष्काळाचं साल होतं. माळावर खडी फोडायला जाणाऱ्या बायकांना मामा रोज सकाळी फुकट सोडायचा. मी नगरला कॉलेजात होते. सुट्टीत गेले की मीही त्यांच्याबरोबर फळीवर उभी राहायचे. केसांत धूळ, तोंडात धूळ, आणि बायकांच्या चेष्टामस्करीला ऊत. फार मजा यायची, खोटं कशाला बोलू.

मग नगरच्या आरटीओचा कागद आला. गाडीत विनापरवाना फेरफार केलेत, तपासणीला पारनेरला आणा, नाहीतर नोंदणी रद्द होऊन गाडी जप्त होईल. मामा पारावर जाऊन तापला. "रानात काय पेरायचं ते मी ठरवतो. बैल कुठला घ्यायचा ते मी ठरवतो. आन् माझ्या गाडीला फळी किती फूट, हे सरकार ठरवनार? पडलो तर मी पडंल. सरकारचा गुडघा फुटनार हाय का?" सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पण त्या रात्री तो जेवला नाही. जीप गेली तर हा माणूस खचणार, हे आम्हाला कळून चुकलं.

तपासणीच्या दिवशी निम्मं गाव जीपमध्ये बसून पारनेरला आलं. कचेरीसमोर मामानं तीनदा पाय मारला, गाडी थांबली. मामी नेहमीप्रमाणे आधीच उतरून चाकापाशी वाकलेली. तपासणीचा साहेब तरुण होता, चष्मेवाला, हळू बोलणारा. टेप घेऊन त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"मामा, ही फळी धोक्याची आहे," तो म्हणाला. "आणि ब्रेकही मला बरोबर दिसत नाही."

फळीचं एक वेळ चाललं असतं, ब्रेकचं मामाला फारच लागलं. "सायेब, त्या लिंबाखाली एक मानूस उभं करा. मी भरधाव येतो आन् हातभर अलीकडं थांबतो."

"माझा माणूस नको. तुमच्यातलं कोणी उभं राहील का, बघा."

मामानं आमच्याकडं पाहिलं. पारावर माना डोलावणारे सगळे जण एकदम लिंबाचा पाला बघायला लागले, मीसुद्धा. तेवढ्यात मामी उठली. चाकाखालचा दगड काढून माझ्या हातात दिला, पदर खोचला आणि लिंबाखाली जाऊन उभी राहिली. "या," म्हणाली.

मामा जीपमध्ये बसला. इंजिन चालू केलं, गिअर टाकला. मामी पन्नास पावलांवर उभी राहून चक्क हसत होती. मामा तिच्याकडं बघत राहिला, खूप वेळ. मग त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि साहेबाला विचारलं, "पाना हाय का तुमच्याकडं?"

फळी तिथंच निघाली. दुसरं टोक साहेबानं स्वतः धरलं. ब्रेकसाठी महिन्याची मुदत मिळाली आणि जीप वाचली. त्यानंतर मामा बायकांना दोन खेपांत सोडायचा आणि "फळी सरकारनं न्हाई काढली, मीच काढली" असं जन्मभर सांगायचा. ते खरंच होतं म्हणा. ब्रेक नवे झाले तरी मामी दगड मात्र पायाशी ठेवायची.

मामाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्याच्या आठवणीनं आजही आधी हसू येतं, मग डोळे भरतात. मध्यंतरी मामीकडं गेले तेव्हा तो दगड दाराशी दिसला. मी विचारलं, "मामी, त्या दिवशी ब्रेक लागला नसता तर?"

"लागनारच न्हवता," ती म्हणाली. "कचेरीपुढं गाडी थांबली, ती माझ्या दगडानं. ह्यांना वाटलं, ब्रेक लागला."

"आणि तरी तू उभी राहिलीस?"

"म्होरं मी उभी आसताना ह्यांच्यानं गाडी हलनारच न्हवती," मामी म्हणाली, आणि वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तिनं पायानं दगड सरकवला.