डाव्या तळव्यावरचा चुना

मंडळी, आज सकाळी अंगणात माझ्यावर सुरीहल्ला झाला! हल्लेखोर माझीच नात. नुकतीच पोलिसात लागलीय, सुट्टीवर खालापूरला आलीय. हातात सरावाचा लाकडी सुरा.

"थांब गं," म्हटलं आणि खिशातली डबी काढून पात्याला चुना फासला.

१९७८ला मीपण पोलिसात भरती झालो, तेव्हा आमचे उस्ताद असाच चुना लावून वार करायचे. जिथं पांढरं, तिथं जखम. आमी भात कापणारी पोरं. कापताना डावा हात आधी पुढं जातो, मूठ धरायला. सुरा दिसला तरी तोच हात पुढं! रोज तळवा पांढरा. उस्ताद ओरडायचे, "अरं, भात कापतोस का? मागं सरक!"

आज नातीनं वार केला आणि माझा डावा हात पुन्हा पुढं! घरचे हसून बेजार.

मग सुरा मी घेतला. पोरगी दरवेळी मागं सरकली, शेवटी तिनं ओट्यावरचं सूप आडवं धरून मलाच गोठ्यापर्यंत रेटलं.

"दाखव हात."

दोन्ही तळवे कोरे! माझा जीव सुपाएवढा झाला.

"आजोबा, मी कुठं कधी भात कापलंय?"

यंदा कापणीला तिच्या हातात विळा देऊ की नको? तुमीच सांगा.