आईनं चित्रासमोर पदर घेतला

माझं प्रत्येक चित्र बघून "हे कोण?" विचारणाऱ्यांनो, आज जरा बसून वाचा!

सुट्टी होती म्हणून गावी औंढ्याला गेलो आणि माझ्या थोरल्या चुलत्यांना, आबांना, ओसरीवर खुर्चीत बसवलं. मागच्या वेळचं स्वतःचं चित्र बघून ते म्हणाले होते, "ह्यो कुटला पावना?" तेव्हा मी हौसेनं आधी डोळेच काढले होते, तेही चांगले टपोरे. आज डोळ्यांना शेवटपर्यंत हात लावला नाही. आधी टोपीची कपाळावरची सावली भरली, मग गालांचे खड्डे. त्या सावलीतूनच आबांचे बारीक डोळे वर आले.

आबा गोठ्याकडे गेल्यावर चित्र त्यांच्याच खुर्चीत टेकवलं आणि लांबून बघत बसलो.

तेवढ्यात आई चहा घेऊन बाहेर आली. खुर्चीकडे नजर जाताच तिनं चटकन डोक्यावर पदर ओढला. थोरल्या दिरासमोर ती तशीच येते, आयुष्यभर.

"मेल्या, मला वाटलं आबाच बसल्यात!" ती लय हसली. पण मी चित्र पालथं घालेपर्यंत पदर काही खाली घेतला नाही.

मंडळी, लाइक तुम्ही भरपूर देता. आज माझ्या चित्राला पदर मिळाला.

आता विचारा, हे कोण!