मैदानावरच्या सिस्टर

सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायांकडे. टाचेच्या भेगा, मोडलेला काटा, वाढलेलं नख, सुजलेला घोटा असं सगळं बघून झालं की नजर वर यायची आणि मग त्या "बोला" म्हणायच्या. एकदा शाळा तपासायला आलेले एक साहेब आरोग्य उपकेंद्रातही डोकावले. त्यांच्या चकचकीत बुटांकडे जरा वेळ बघून सिस्टर म्हणाल्या, "साहेब, बूट लहान घेतलायसा. करंगळीला फोड आला असंल." साहेब "छे छे" म्हणाले आणि आपण लंगडत नाही हे दाखवत दिवसभर गावात फिरले.

आमचं गाव पिंपळवंडीच्या पुढे, उसाच्या आणि टोमॅटोच्या मधोमध. नव्वदच्या दशकात सिस्टर तिथल्या उपकेंद्रात नर्स म्हणून आल्या, त्या थेट कोल्हापूरहून. म्हाताऱ्या त्यांना नरसबाई म्हणायच्या, बाकी सगळं गाव सिस्टर. बदलीवर आलेला माणूस सहसा ट्रंक, स्टोव्ह आणि तक्रारी घेऊन येतो. सिस्टरांच्या सामानात एक फुटबॉल होता. त्यांचे दोन्ही भाऊ पेठेच्या संघातून खेळायचे. "आमच्यात मॅच हरली की त्या राती चूल पेटत न्हाई," असं त्या अभिमानाने सांगायच्या. आमच्या गावात तोवर फुटबॉल फक्त टीव्हीवर होता, तोही चार वर्षांतून एकदा आणि वीज असली तर.

उपकेंद्राच्या मागे गायरानाचा माळ होता. पोरं तिथे दगडधोंड्यांतून काहीतरी खेळायची आणि फुटलेले गुडघे घेऊन सिस्टरांच्या दारात उभी राहायची. "शिवणकाम मला पयल्यापासनं आवडत न्हाई," म्हणत एके दिवशी त्या बॉल काखेत मारून माळावर गेल्या आणि क्लब सुरू झाला. क्लबला अध्यक्ष लागतो असं कुणीतरी म्हणालं. मी तेव्हा जवळच्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. मला फुटबॉलमधलं काही कळत नाही आणि कळतं असं मी दाखवतही नाही, एवढ्या गुणांवर माझी बिनविरोध निवड झाली.

माळावर आलं की बॉलला हात लावायच्या आधी प्रत्येकाने घमेलंभर दगड वेचायचे, हा सिस्टरांचा पहिला कायदा. मग नखं दाखवायची. मग मोज्यात पुठ्ठे सारायचे. नडगीला लागू नये म्हणून पॅड असतात, पण ते आमच्याकडे कुठले मिळायला. सिस्टरांनी जुन्या वह्यांचे पुठ्ठे गॉझच्या पट्टीने बांधायला शिकवलं. पुढे नव्या वह्यांचेही पुठ्ठे जाऊ लागले. पालक माझ्याकडे तक्रार घेऊन आले, तेव्हा मी म्हणालो की विद्या डोक्यात गेली नाही तरी पायाला लागतेय. सिस्टरांना ते आवडलं नाही. "सर, चेष्टा नको. नडगीचं हाड लई वंगाळ दुखतं," एवढंच म्हणाल्या.

गावातलं सगळं अण्णांच्या हातात होतं. खुर्ची कुणाचीही असो, निर्णय अण्णांचा. त्यांनी क्लबला लोखंडी गोलपोस्ट दिले. वरच्या आडव्या दांडीवर पत्र्याची पाटी होती आणि तिच्यावर अण्णांचं नाव, बॉल कुठे मारायचा ते लांबूनही कळावं इतक्या मोठ्या अक्षरांत. लोकार्पणाला मांडव, हार, लाउडस्पीकर असा सरंजाम. अण्णा फीत कापणार इतक्यात सिस्टर पुढे झाल्या, पदर खोचला आणि उडी मारून आडव्या दांडीला लटकल्या. गोलपोस्ट सावकाश पुढे झुकला. चौघांनी धरला म्हणून बरं. सिस्टर खाली उतरून हात झटकत म्हणाल्या, "अण्णा, हे नुसतंच ठेवलंय की. तुमचं नाव एखाद्या पोराच्या डोक्यात पडंल." मांडवात हशा पिकला. अण्णाही हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत. खड्डे खणून, सिमेंट ओतून पोस्ट पक्के झाल्यावरच पोरं त्यांच्या जवळ गेली. फीत तोवर कुणीतरी शेळी बांधायला नेली होती.

मग आमच्या भागात बिबट्यांचे दिवस आले. उसातून बिबटे वस्तीवर येऊ लागले, माणसांवर हल्ले झाले, आणि संध्याकाळी बाहेर पडायचं म्हणजे म्हातारी माणसंही देवाचं नाव घ्यायची. क्लब बंद करा, असं सगळेच म्हणत होते. सिस्टरांनी बंद केला नाही, वेळ बदलली. सूर्य उसाच्या शेंड्यांना टेकायच्या आत खेळ संपवायचा, एकट्याने घरी जायचं नाही, गप्प तर अजिबात जायचं नाही. पोरांनी मोठ्याने काय म्हणायचं हा प्रश्न आला. सिनेमातली गाणी अर्धवट येत होती, म्हणून पाढे ठरले. रोज उसाच्या कडेने बाराचा, तेराचा, सतराचा पाढा गर्जत घराकडे जायचा. आमच्या पोरांपैकी कुणाला कधी ओरखडा आला नाही. त्या भागातल्या बिबट्यांचं गणित मात्र सुधारलं असावं.

पण सिस्टरांचा खरा कायदा वेगळाच होता, आणि पुढचं सगळं घडलं ते त्याच्यामुळे. सरावात एकदा एक पोरगा डोक्यावर आपटला. आमच्याकडे माणूस पडला की त्याला आधी उभं करतात, मग काय झालं ते विचारतात. तसंच झालं. सगळे त्याच्यावर तुटून पडले. एकाने काखेत धरून उठवला, एकाने तोंडात पाणी ओतलं, एकाने नाकाला कांदा लावला, कारण आमच्या भागात कांद्याला कधी तोटा नाही, आणि एक म्हातारा चप्पल हुंगवायला घेऊन धावत आला. गर्दीत सिस्टरांना पोरगा दिसेना. त्या अशा ओरडल्या की रस्त्यावरची बैलगाडी थांबली. "बसा! हाय तिथं खाली बसा सगळे!" सगळे बसले. म्हातारासुद्धा चप्पल हातात धरून बसला. मधल्या मोकळ्या जागेत तो पोरगा एकटा दिसला आणि सिस्टर त्याच्यापाशी पोचल्या. त्या दिवसापासून नियम झाला: कोणीही पडला, आपला किंवा समोरचा, की सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं. "पडलेल्याला हवा लागती, सल्ला न्हाई," असं त्या बजावायच्या. परगावचे संघ आमच्याकडे खेळायला येत, तेव्हा आपण पडताच समोरचे अकरा जण मांडी घालून बसलेले बघून त्यांना वाटे, हा काहीतरी स्थानिक देवाचा प्रकार असावा.

पुढे अण्णांच्या मनात गायरानावर कांदा साठवायच्या चाळी उभारायचं आलं. गावात दोन तट पडले. शेवटी अण्णांनी चारचौघांत शब्द दिला, "शेजारच्या गावात स्पर्धा हाय. कप आणा, मैदान पोरांचं. नाय आणला तर चाळी. मंजूर?" सिस्टरांनी मंजूर म्हटलं. जिंकायची त्यांना कोल्हापुरी हौस होतीच, आता मैदानही पणाला लागलं.

पोरं अंतिम सामन्यापर्यंत पोचली. त्या सामन्याच्या उद्घाटनाला पाहुण्यांनी मैदानाच्या मधोमध नारळ फोडला; सिस्टरांनी भाषणं चालू असतानाच वाकून करवंटीचे तुकडे वेचले, कारण निम्मी पोरं अनवाणी होती. सामना अटीतटीचा झाला. शेवटची काही मिनिटं उरली, तरी गोल कुणाचाच नाही. तेवढ्यात समोरच्या संघाचा एक पोरगा उंच बॉलसाठी उडाला, आमच्या एकाला धडकला आणि मानेवर पडला. आमची पोरं बसली. सगळी. गोलकीपर सोपानसुद्धा दोन पोस्टच्या मध्ये बसला. पंचांची शिट्टी वाजली नव्हती. समोरच्या संघातल्या एकाने इकडेतिकडे पाहिलं, बॉल पायाशी घेतला आणि शेतावर भाकरी घेऊन निघाल्यासारखा चालत जाऊन सोपानच्या शेजारून जाळ्यात ढकलला. त्यांचाच पोरगा मात्र तिथेच पडला होता.

सिस्टरांनी गोल पाहिलाच नाही. त्या पडलेल्या पोराकडे पळत होत्या. त्याच्या गावची माणसं कांदा, पाणी, चप्पल घेऊन निघालीच होती. त्यांना सिस्टरांनी हाताने मागे लोटलं. पोराचा श्वास घरघरत होता. मान हाताने सांभाळून त्यांनी त्याला कुशीवर केलं, तोंड मोकळं केलं आणि जागेवरून हलल्या नाहीत. मग जीपमधली सीट काढून त्यावर त्याला नेलं. जीप अण्णांची होती. पोरगा वाचला, हे संध्याकाळी कळलं.

त्यानंतर सिस्टरांनी स्कोअर विचारला. पोरांनी एकमेकांना पुढे ढकलत एक-शून्य आणि तो गोल कसा झाला ते सांगितलं. तशी त्यांनी सोपानला गाठलं. "गोलकीपर बी बसला व्हय रं?"

"तुमीच म्हनला व्हता, सिस्टर, सगळ्यांनी."

"आरं मर्दा, पर गोलात?" एवढं बोलून त्या टेम्पोत तोंड फिरवून बसल्या. त्यांना शांत, थोर वगैरे दाखवायचा मोह मला होतो, पण तसं नव्हतं. त्यांना हरणं सहन होत नव्हतं. पुढचे काही दिवस गावात ज्यांनी इंजेक्शन घेतलं ते याची साक्ष देतील.

आठवड्याभरात अण्णा माझ्यासमोरच उपकेंद्रात आले. सामना भरवणाऱ्यांना लाज वाटली होती आणि ते परत सामना घ्यायला तयार होते. अण्णा म्हणाले, "बाई, मैदान अजून तुमचं व्हऊ शकतं. एकच करा. शिट्टी वाजंपर्यंत खेळायचं, मग बसायचं तर बसा. राव, यात काय वाईट हाय?"

खरं तर यात वाईट काहीच नव्हतं. जगभर असंच खेळतात. सिस्टरांनाही पटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी पोरांना नवा नियम समजावून सांगितला आणि एकाला खोटं खोटं पडायला लावलं. तो पडला. बाकीची पोरं अर्धी वाकली, सिस्टरांकडे बघून पुन्हा उभी राहिली, पुन्हा वाकली. बॉल आपोआप घरंगळत बाहेर गेला. "खेळा की रं!" सिस्टर ओरडल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सोपान गोल सोडून चालत पुढे आला.

"सिस्टर, कोन पडला तं खेळायचं, आन् कोन पडला तं बसायचं?"

सिस्टरांनी पोरांच्या पायांकडे पाहिलं. मग बॉल काखेत मारला आणि तडक अण्णांच्या ओट्यावर गेल्या. मी मागून गेलो.

"अण्णा, परत मॅच नको."

"मैदान जाईल, बाई."

"जाऊ दे. पोरांना मी जे शिकवलं ते उलटं शिकवायला मला येत न्हाई."

शब्द मागे घ्यायची अण्णांना सवय नव्हती आणि तो त्यांनी घेतलाही नाही. दिवाळीनंतर चाळी उभ्या राहिल्या. गोलपोस्ट तेवढे निघाले नाहीत, इतके पक्के पुरलेले होते. कांद्याच्या ढिगांमधून अण्णांचं नाव कितीतरी वर्षं वर डोकावत होतं.

पुढच्या वर्षी सिस्टरांची बदली आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात झाली, आहुप्याकडे. ही शिक्षा आहे असं गावात बोललं गेलं. सिस्टर म्हणाल्या की बदलीची वेळच झाली होती. मी एकदा भेटायला गेलो. भात काढून झालेल्या खाचरांत, बांधांवरून उड्या मारत पोरंपोरी खेळत होती. पलीकडे कडा, आणि कड्याखाली धुकं. "इथं बॉल गेला की थेट कोकणात," सिस्टर म्हणाल्या. "परत आणायला न्हाई जायाचं, एवढंच शिकवलंय." त्यानंतर अधूनमधून मी मंचरच्या स्टँडवर जाऊन आहुप्याच्या गाडीत कंडक्टरकडे एक बॉल देत असे. कोकणातल्या कुठल्यातरी वाडीत आकाशातून फुटबॉल पडतात, अशी दंतकथा तयार झाली असल्यास तिला मी काही अंशी जबाबदार आहे.

एकदा बॉल दिला तर कंडक्टरने तो परत पुढे केला.

"सर, सिस्टर गेल्या. रिटायर झाल्या, गेल्या कोल्हापूरला. जाताना रडल्या लई."

मला कळवलं नव्हतं. निरोपाचे समारंभ त्यांना कधी जमलेच नाहीत. मी बॉल परत घेतला. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग खेळ बंद पडला असेल?"

"नाय ओ. खेळत्यात की. मोठी पोरं कड्याच्या अंगाला वळीनं हुभी ऱ्हात्यात, बारकी आतल्या अंगाला खेळत्यात. मंग थोड्या येळानं मोठी खेळत्यात." तो गाडीच्या पायरीवर चढला. "त्यांना आता कोन सांगायला नाय तिथं, तरी हुभी ऱ्हात्यात."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली होती. मी बॉल पुन्हा त्याच्या हातात दिला.

"घेऊन जा," म्हटलं. "लागेल."